सोऱ्याची आणि अफूची गोदामे : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी मूळची मिरजेची. आमच्या जुन्या घरात न्हाणीघराच्या भिंतीला लोणा धरायचा. पांढरी, भुरभुरीत पूड. आई ती केरसुणीने झाडून टाकायची आणि भिंत पोखरली म्हणून हळहळायची. नऊ वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही पाटण्याला आलो. इथे आल्यावर सारण जिल्ह्यातल्या एका गावी गोठ्याच्या भिंतीवर मला तीच पूड दिसली. शेजारच्या आजी म्हणाल्या, आमचे वाडवडील हीच खरवडून पोट भरत होते. आजी नोनिया समाजाच्या. नोन म्हणजे मीठ.

त्या पुडीचा सोरा होतो आणि बंदुकीच्या दारूत चारपैकी जवळजवळ तीन भाग सोराच असतो. इंग्रज कंपनीची माणसे 1620 मध्ये प्रथम पाटण्यात आली ती कापड घ्यायला. पुढे वखारी पक्क्या झाल्या त्या मुख्यतः सोऱ्यासाठी. डचांची वखार पाटण्यात होती, छपऱ्याकडे होती. इंग्रजांची गंगेपलीकडे सिंघियाला होती. ज्या जॉब चार्नॉकचे नाव कोलकात्याशी जोडले जाते, त्याची उमेदीची वर्षे पाटण्याच्या वखारीत सोऱ्याच्या खरेदीत गेली. कोरड्या हवेत नोनिया गावोगावच्या भिंती आणि गोठ्यांची जमीन खरवडत. ती माती पाण्यात निथळवून ते पाणी आटवले की कच्चा सोरा हाती येई. तो पुन्हा शुद्ध केला की कलमी सोरा. मग तो होड्यांत भरून गंगेने खाली हुगळीला आणि तिथून युरोपातल्या लढायांवर जाई. प्लासीनंतर वर्षभरातच, 1758 मध्ये, इंग्रजांनी बंगालचा नवाब मीर जाफर याच्याकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. डच मागे पडले ते कायमचेच. 1825 मध्ये त्यांच्या वखारीही इंग्रजांकडे गेल्या.

या इतिहासाचा एक मोठा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत गेला. पाटण्याच्या जुन्या कलेक्टोरेटमध्ये गंगेकाठी डच काळातल्या इमारती होत्या, जाड भिंतींच्या, उंच खांबांच्या. त्या वाचवण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे 2022 मध्ये स्थगिती उठली आणि पाडकाम सुरू झाले. पाडा म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की ही तर अफू आणि सोरा साठवायची गोदामे, यात जपण्यासारखे काय आहे? न्यायालयाचा निर्णय मला मान्य आहे, पण हा मुद्दा आजही पटत नाही. शेतकऱ्याचा माल कुठे मोजला, कुठे साठवला आणि कुणाच्या नावावर चढला, हे गोदामाशिवाय कुठे दिसणार?

अफूचे तर विचारूच नका. 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, भाव कंपनीने ठरवायचा, आणि चीक कंपनीशिवाय कुणाला विकायचा नाही. एकदा उचल घेतली की पुढच्या वर्षी खसखस पेरायचीच. बोंडांना चिरा पाडायच्या, रात्रभर पाझरलेला चीक पहाटे खरवडून घ्यायचा, आणि या कामाला घरातली बायकामुलेसुद्धा जुंपलेली. गळालेल्या पाकळ्यांच्याही पोळ्या थापत आणि त्यांत अफूचे गोळे गुंडाळत. कंपनीच्या सैन्यातले अधिकारी वॉल्टर शेरविल यांच्या 1850 च्या सुमाराच्या शिलामुद्रित चित्रांत पाटण्याच्या अफू कारखान्याचे कोठार आहे. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ओळीने गोळे, आणि त्या उंच फळ्यांवर चढलेली पोरे. मला ते चित्र बघवत नाही. त्या पोरांची वये किती असतील, हाच विचार येतो. आंब्याच्या लाकडाची पेटी, पेटीत चाळीस गोळे, कलकत्त्याला लिलाव आणि तिथून चीन. एकोणिसाव्या शतकात सरकारी उत्पन्नाचा सुमारे सातवा भाग एके काळी अफूतून येत होता.

मराठी माणूस म्हणून एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. पाटण्याच्या अफूला टक्कर दिली ती माळव्याच्या अफूने, आणि ती चीनला गेली आमच्या मुंबई बंदरातून. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या दानातून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय यांचा आम्हाला अभिमान आहे. पण तो पैसा कुठून आला, हे आमच्या शाळेत कुणी सांगितले नव्हते. ते मला पाटण्यात येऊन कळले.

मंत्री महोदय, पाडले ते पाडले. जे उभे आहे त्यासाठी हे पत्र. पाटण्यातल्या गुलजारबागेत अफूच्या कारखान्याच्या जुन्या आवारात आज सरकारी छापखाना आहे. छापखान्याला दुसरी जागा देऊन तिथे सोरा आणि अफूचे संग्रहालय करावे. पाटणा कॉलेजची मुख्य इमारत मुळात डच वखार होती. तिची डागडुजी जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावी. आणि पाटणा, हाजीपूर, छपरा या पट्ट्यात वखारींच्या काय खुणा उरल्या आहेत, त्याची पाहणी पुरातत्त्व सर्वेक्षणाने करावी. गंगेने पात्र बदलले आहे, घाट कोरडे पडले आहेत, नवे रस्ते झाले आहेत. आणखी वीस वर्षांनी पाहणी करायला काय उरेल?

संग्रहालयातले फलक मात्र कंपन्यांच्या कौतुकाचे नसावेत, एवढी कळकळीची विनंती. नोनियांचा माती निथळवण्याचा खड्डा तिथे दिसावा, आटवायची कढई असावी, उचल कशी दिली जाई ते समजावे. हे सगळे हिंदी, भोजपुरी, मगहीत लिहिलेले असावे, म्हणजे त्या आजींच्या नातवंडांना ते वाचता येईल.

छपऱ्याजवळ करिंगा गावात याकोबस फान होर्न या डच वखारप्रमुखाची समाधी आहे, 1712 सालची. तीनशे वर्षे झाली तरी त्याचे नाव माहीत आहे. आजींना मी विचारले होते, तुमच्या घराण्यात सोरा काढणारे शेवटचे कोण? त्यांनी आजेसासऱ्यांचे नाव घेतले आणि म्हणाल्या, लिहून घे, आता ते कुणाला आठवत नाही. ते मी वहीत लिहून घेतले आहे. संग्रहालय उभे राहिले, की तिथे द्यायचे आहे.

आपली विश्वासू,
एक मिरजकर, सध्या मुक्काम पाटणा