प्रकल्पासोबत लॉक फाइलही तपासा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा नुकत्याच आटोपल्या. मी सोळा वर्षे सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे आणि गेली सहा वर्षे अशा परीक्षांना बहिःस्थ परीक्षक म्हणून जाते. प्रकल्पात वापरलेल्या, इतरांनी लिहिलेल्या कोडची नेमकी नोंद (तीच ‘लॉक फाइल’) न सांभाळण्याची दरवर्षी दिसणारी उणीव यंदा इतकी ठळकपणे समोर आली की तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवले नाही.

एका महाविद्यालयात चार विद्यार्थ्यांच्या गटाने वसतिगृहाच्या खाणावळीची हजेरी आणि हिशेब ठेवणारी वेब-प्रणाली केली होती. कल्पना चांगली होती आणि कोडही नीटनेटके होते. मी त्यांना एवढेच सांगितले की, गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरून हा प्रकल्प प्रयोगशाळेतल्या संगणकावर नव्याने उतरवून घ्या आणि चालवून दाखवा. एकाने टर्मिनल, म्हणजे लेखी आज्ञा देण्याची खिडकी, उघडून ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही कमांड दिली (एनपीएम हे इतरांनी लिहिलेली जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस, म्हणजे कोडचे संच, उतरवणारे साधन), तेव्हा पडदाभर लाल अक्षरे आली. ती न वाचताच दुसऱ्याने त्याच कमांडला ‘फोर्स’ हा तक्रारी डावलणारा पर्याय जोडला. पॅकेजेस उतरली खरी, पण प्रणालीचे पहिलेच पान कोरे आले. मग तिसऱ्याने आपल्या लॅपटॉपमधले ‘नोड मॉड्युल्स’ हे, उतरवलेली पॅकेजेस जिथे राहतात ते, अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर आणले. त्याचा लॅपटॉप विंडोजचा आणि प्रयोगशाळेतला संगणक उबंटूचा. पासवर्ड सुरक्षित ठेवण्यासाठी वापरलेले ‘बीक्रिप्ट’ हे पॅकेज त्या त्या यंत्रणेसाठी तयार झालेली बायनरी (यंत्रभाषेतली) फाइल वापरते, त्यामुळे विंडोजवरची फाइल उबंटूने नाकारली आणि सर्व्हर सुरूच झाला नाही. यात पाऊण तास गेला. “मॅडम, माझ्या लॅपटॉपवर चालतं,” असे चौथी विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरेही होते.

मी त्यांची रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबवरचा कोडसंग्रह, पाहिली, तर ‘पॅकेज-लॉक’ ही लॉक फाइल तिच्यात नव्हती. ती गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) दुर्लक्षित करायच्या फाइलींच्या यादीत टाकलेली होती. कारण विचारल्यावर कळले की, दोघांचे काम एकत्र करताना त्या फाइलीत सारखा कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांचा संघर्ष) येई, म्हणून ती काढून टाकली. या मुलांना मी दोष देत नाही. चार वर्षांत त्यांना तीन-चार संगणकीय भाषा शिकवल्या गेल्या, पण आपण लिहिलेला कार्यक्रम इतरांच्या किती कार्यक्रमांवर उभा आहे आणि तो डोलारा टर्मिनलवरून कसा सांभाळायचा, हे एका तासालाही कोणी शिकवले नव्हते.

आज कोणतेही सॉफ्टवेअर कोऱ्या पानावरून लिहिले जात नाही. तारखा हाताळणे, पासवर्ड तपासणे, डेटाबेसशी बोलणे यांसाठी इतरांनी लिहून मुक्तपणे उपलब्ध केलेली पॅकेजेस घेतली जातात, आणि त्यांनाच व्यवसायात डिपेंडन्सी म्हणतात. विद्यार्थी स्वतः दहा-बारा नावे लिहितो. पण त्या प्रत्येकाला आणखी काही पॅकेजेस लागतात, त्यांना आणखी काही, आणि शेवटी फोल्डरमध्ये शेकडो पॅकेजेस येऊन बसतात. ‘एनपीएम एलएस’ या कमांडला ‘ऑल’ हा पर्याय जोडला की हे सगळे झाड पडद्यावर उतरते. अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा तरी सावकाश पाहावे, असे मला मनापासून वाटते.

‘पॅकेज डॉट जेसन’ आणि ‘पॅकेज-लॉक डॉट जेसन’ या दोन फाइलींतला फरक म्हणजे वाण्याकडे पाठवलेली यादी आणि वाण्याने दिलेली पावती यांतला फरक आहे. यादीत आपण ‘तूरडाळ, बरी असेल ती’ असे लिहितो. पावतीवर कोणती डाळ, किती आणि काय भावाने आली हे नेमके असते. पॅकेज डॉट जेसनमध्ये आवृत्तीच्या आकड्याआधी बहुधा टोपीसारखे एक चिन्ह असते. १.४.२ या आकड्याआधी ते असेल, तर त्याचा अर्थ होतो ‘१.४.२ किंवा त्यानंतरची, पण २च्या आतली कोणतीही आवृत्ती चालेल’. पहिला आकडा बदलल्याशिवाय जुने वागणे मोडायचे नाही असा संकेत आहे, पण तो पाळणे पॅकेजच्या लेखकावर सोपवलेले असते आणि माणसाच्या हातून चूक होते. म्हणून मार्चमध्ये त्या यादीतून उतरलेला माल आणि मेमध्ये उतरलेला माल एकच असेल याची हमी नसते. लॉक फाइल मात्र झाडातल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते कुठून आले तो पत्ता आणि त्यातील मजकुराचा हॅश (त्याची ओळख पटवणारा सांकेतिक ठसा) नोंदवते. २०१७ साली एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून ही फाइल आपोआप तयार होते. ती टाकून देणे म्हणजे पावती फाडून मग वाण्याशी वाद घालणे होय.

याच्या जोडीला ‘एनपीएम सीआय’ ही कमांड आहे, आणि ती किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते असे विचारले तर उत्तर निराश करणारे आहे. ‘एनपीएम इन्स्टॉल’ लॉक फाइलचा मान ठेवते, पण यादी आणि लॉक यांचा मेळ बसत नसेल तर निमूटपणे लॉक फाइलच बदलते. ‘एनपीएम सीआय’ तसे करत नाही. ती आधीचे नोड मॉड्युल्स फोल्डर पुसते, लॉकमध्ये लिहिले आहे तेच आणि तेवढेच उतरवते, आणि मेळ नसेल तर काम थांबवून तसे सांगते. त्यामुळे नवे पॅकेज घ्यायचे असेल तेव्हा पहिली कमांड आणि असलेला प्रकल्प दुसऱ्या संगणकावर उभा करायचा असेल तेव्हा दुसरी, एवढी सवय लागली तरी त्या पाऊण तासातला बराचसा मनस्ताप टळला असता. कॉन्फ्लिक्टवरही साधा उपाय आहे: आधी पॅकेज डॉट जेसनमधला वाद हाताने मिटवावा आणि मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ला ‘पॅकेज लॉक ओन्ली’ हा पर्याय देऊन चालवावे, म्हणजे एनपीएम लॉक फाइल स्वतःच जुळवून देते. प्रयोगशाळेतले इंटरनेट संथ असेल तर ‘प्रिफर ऑफलाइन’ हा पर्याय आहे. त्या संगणकावर आधी उतरवलेल्या प्रती त्यामुळे पुन्हा वापरल्या जातात आणि पेन ड्राइव्हवरून फोल्डर वाहून नेण्याची गरज उरत नाही.

लाल अक्षरे न वाचण्याच्या सवयीविषयी मला विशेष काळजी वाटते. एनपीएमची सातवी आवृत्ती २०२० साली आली, आणि तेव्हापासून दोन पॅकेजेसना एकाच तिसऱ्या पॅकेजच्या परस्परविरोधी आवृत्त्या सोबतीला हव्या असतील तर एनपीएम बहुतेक वेळा उतरवणेच थांबवते. कोणाला काय हवे आहे आणि सध्या काय आहे, हे त्या संदेशात ओळीने लिहिलेले असते. ‘एनपीएम एक्सप्लेन’पुढे पॅकेजचे नाव लिहिले, तर ते कोणाच्या मागणीवरून आले हेही कळते. एवढी माहिती समोर असताना विद्यार्थी यूट्यूबवरच्या एखाद्या चित्रफितीत पाहिलेला ‘फोर्स’ किंवा ‘लेगसी पिअर डेप्स’ हा पर्याय जोडतात आणि पुढे जातात. तक्रार बंद होते, पण विसंगती तशीच राहते. हेच पायथॉन या भाषेतही घडते; तिथे पॅकेजेस उतरवणारे साधन म्हणजे पिप. डेबियन १२ किंवा अलीकडची उबंटू या लिनक्स यंत्रणांवर मूळ पायथॉनमध्ये पिपने थेट पॅकेज घालू गेले तर पिप नकार देते आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरती स्वतंत्र जागा) करायला सांगते. त्यासाठी लागणारे ‘व्हेन्व्ह’ २०१२पासून पायथॉनचाच भाग आहे (डेबियन-उबंटूवर त्याचे पॅकेज आधी वेगळे घ्यावे लागू शकते) आणि ती जागा एका ओळीत तयार होते. तरीही ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय, ज्याच्या नावातच धोक्याची सूचना लिहिलेली आहे, तो बिनदिक्कत वापरलेला मी पाहिला आहे. मग ‘पिप फ्रीझ’ने तयार केलेल्या यादीत प्रकल्पाशी संबंध नसलेली, संगणकावरची सगळी पॅकेजेस येतात आणि ती यादी दुसरीकडे उतरतच नाही.

कोणी म्हणेल की हा परीक्षेतल्या गुणांपुरता प्रश्न आहे. तसे नाही. २२ मार्च २०१६ रोजी एका लेखकाने नावाच्या वादातून आपली २७३ पॅकेजेस एनपीएमच्या सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे, अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणारे, जेमतेम ११ ओळींचे पॅकेज होते, आणि ते नाहीसे होताच जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. तेव्हा निदान कोणाचा हेतू चोरीचा नव्हता. नोव्हेंबर २०१८मध्ये मात्र असे उघडकीस आले की, ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची जबाबदारी स्वेच्छेने घेणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीने त्यात एक नवी डिपेंडन्सी घातली होती आणि तिच्यात बिटकॉइनचे एक विशिष्ट वॉलेट लुटणारे कोड दडवले होते. ज्यांच्याकडे आधीची लॉक फाइल होती आणि जे ती न बदलता वापरत राहिले, त्यांच्यापर्यंत ती नवी आवृत्ती पोहोचली नाही. ज्यांनी टोपीच्या चिन्हावर विसंबून दर वेळी नवे ते उतरवले, त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोहोचली. ८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएमच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलला एक अनुभवी लेखक फसला आणि ‘चॉक’ व ‘डीबग’ यांच्यासह १८ पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. त्या सुमारे दोन तासांत हटवल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच, पॅकेज उतरताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचा आधार घेऊन एका पॅकेजमधून दुसऱ्यात पसरणारा आणि लेखकांच्या संगणकांवरील गुप्त किल्ल्या चोरणारा किडा आढळला. एनपीएमला ‘इग्नोर स्क्रिप्ट्स’ हा पर्याय देऊन या स्क्रिप्ट्स थांबवता येतात. पीएनपीएम या दुसऱ्या साधनाने तर जानेवारी २०२५मधल्या दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या अशा स्क्रिप्ट्स परवानगीशिवाय न चालवण्याचेच धोरण ठेवले आहे.

याचा अर्थ जुन्याला कायम धरून बसावे असा मुळीच नाही. डिसेंबर २०२१मध्ये जावाच्या लॉगफोरजे या पॅकेजमधील गंभीर दोष जाहीर झाला, तेव्हा जुनी आवृत्ती बदलणे हाच तातडीचा उपाय होता, आणि आपल्या कोणत्या प्रणालीत ते पॅकेज कुठे खोलवर बसले आहे हे शोधण्यातच अनेकांचे दिवस गेले. ज्यांना जावाची पॅकेजेस सांभाळणाऱ्या मेव्हन या साधनाची ‘डिपेंडन्सी ट्री’ ही कमांड परिचित होती, त्यांना हा शोध सोपा गेला. म्हणून जुनी झालेली पॅकेजेस दाखवणारी ‘एनपीएम आउटडेटेड’ आणि ज्ञात दोष दाखवणारी ‘एनपीएम ऑडिट’ याही कमांड नियमाने चालवाव्यात. मात्र ते दोष दुरुस्त करणाऱ्या ‘ऑडिट फिक्स’ला ‘फोर्स’ जोडला की तो आवृत्तीचा पहिला आकडाही बदलू शकतो आणि चालता प्रकल्प मोडू शकतो, हे ध्यानात ठेवून. बदल करायचा तो एका वेळी एक, चाचणी घेऊन आणि लॉक फाइलसह गिटमध्ये नोंदवून करावा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव आत्मविश्वासाने सुचवतात आणि त्याच नावाने कोणी दूषित पॅकेज टाकून ठेवू शकतो. अशा वेळी ‘एनपीएम व्ह्यू’ ही कमांड देऊन ते पॅकेज खरोखर आहे का, कोण सांभाळतो, परवाना कोणता आणि शेवटची आवृत्ती केव्हाची आहे, हे अर्ध्या मिनिटात पाहता येते.

हे सगळे टर्मिनलवरूनच शिकवावे असा माझा आग्रह आहे, कारण एडिटरमधले बटण दाबल्याची नोंद कुठेच राहत नाही. कमांड मात्र अहवालात लिहिता येते, दुसऱ्याला जशीच्या तशी देता येते आणि जिथे पडदाच नसतो अशा सर्व्हरवरही चालते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी (एसबॉम) मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सरकारी विभागांबरोबरच सॉफ्टवेअरची निर्यात आणि सेवा देणाऱ्या संस्थाही त्यांत धरलेल्या आहेत. पुणे, मुंबई, नाशिकची आपली मुले याच संस्थांत नोकरीला जाणार आहेत. अशी सूची ‘एनपीएम एसबॉम’ या एका कमांडने निघते, पण तीही लॉक फाइल नीट असेल तरच विश्वासार्ह ठरते.

विद्यापीठांची अभ्यास मंडळे आणि महाविद्यालयांतील प्रकल्प-समन्वयक यांना माझी विनंती आहे की, अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता येत्या वर्षापासून एक अट घालावी. तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी गटाने आपला प्रकल्प प्रयोगशाळेतल्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये, गिटवरून उतरवून ‘एनपीएम सीआय’ने किंवा त्या त्या भाषेतील समकक्ष कमांडने उभा करून दाखवावा. अहवालाच्या शेवटी गटाने स्वतः निवडलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव, आवृत्ती, परवाना आणि ते का घेतले याचे एक वाक्य असलेले पान जोडावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, आणि शिक्षकांना एका गटामागे फारसा वेळही द्यावा लागत नाही. नव्या प्रकल्पांचे विषय शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतात. त्याच वेळी ही अट लेखी दिली, तर मुले पहिल्या दिवसापासून लॉक फाइल गिटमध्ये ठेवतील.

आपली विश्वासू,
एक संगणक अभियंता आणि बहिःस्थ परीक्षक,
नाशिक