आक्का, आईची मिरची पुन्हा आभाळाकडे बघायला लागली

आक्कांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांत लिहितेय, कारण घरचं बी धरणाऱ्या आणि ते हातचं जाताना पाहिलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कळू द्या.

आमच्या आईची मिरची करंगळीच्या दोन पेरांएवढी, झाडावर वर तोंड करून उभी राहणारी. लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा आईने बियांची पुडी माझ्या पदराला बांधली होती. ठेचा करायचा तर याच मिरचीचा. आई गेल्यावर तिच्या हातचं म्हणून हे एवढंच उरलं होतं, दरवर्षी गच्चीवरच्या कुंड्यांत पुन्हा उगवणारं.

दोन वर्षांमागे मुलांसाठी तिथेच ढोबळी मिरची लावली, आईच्या झाडांना अगदी खेटून. त्या वर्षी काहीच वेगळं दिसलं नाही. आईच्या मिरच्या नेहमीसारख्याच आल्या, त्यातल्या चांगल्या बघून मी बी धरलं. पुढच्या वर्षी चौदा रोपं लावली आणि त्यातल्या पाचांना भलत्याच मिरच्या लागल्या. जाड सालीच्या, फुगीर, खाली लोंबणाऱ्या, आणि वर जाळ तिखट! मी माती बदलली, खत बदललं, दुकानदाराने दिलेली फवारणीही केली. रात्री झोप लागेना. आईची मिरची माझ्याच हातून संपली असं वाटायचं.

तेव्हा तुम्ही समोर लेकाकडे राहायला आला होतात. गच्चीवर वाळवण घालायला आलात, त्या पाच झाडांसमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, “बाई, यात मातीचा काय दोष? बी मिसळलंय. ढोबळी शेजारी काहून लावली?”

तुमचं निम्मं आयुष्य बीजोत्पादनाच्या प्लॉटवर गेलं, हे तेव्हा कळलं. हातात चिमटा धरून मिरचीच्या आणि टोमॅटोच्या कळ्यांचे नर, म्हणजे पराग देणारे भाग, काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग मादीला लावायचा. एकात एक मिसळण्याचं ते काम केलेल्या हातांनी तुम्ही मला न मिसळू देण्याचं काम शिकवलंत.

एक फूल तोडून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलंत. पाच-सहा पांढऱ्या पाकळ्या, मधे निळसर नर आणि त्यांच्यामधून डोकावणारं मादीचं टोक. एकाच फुलात दोन्ही असल्याने मिरची स्वतःचं स्वतः फळते, पण मधमाशी बसली की दुसऱ्या झाडाचा पराग घेऊन येते. ढोबळी आणि आपली मिरची जातकुळीने एकच, म्हणून सहज जुळतात. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. परका पराग लागला तरी त्या वर्षीची मिरची बदलत नाही, कारण फळ आईझाडाचं असतं. मिसळ आतल्या बीमध्ये जाऊन बसते आणि ते बी पेरल्यावर पुढच्या वर्षी दिसते. आणि तिखटपणा वरचढ असतो, म्हणून ढोबळीचा पराग लागूनही ती पोरं तिखटच निघाली. मी वर्षभर मातीला उगाच दोष देत होते.

बियाण्याच्या प्लॉटला प्रमाणित, म्हणजे शेतकऱ्याला विकायच्या बियाण्यासाठी दुसऱ्या मिरचीपासून 200 मीटर अंतर सोडावं लागतं, आणि ज्यापासून ते तयार होतं त्या पायाभूत बियाण्यासाठी 400. गच्चीवर कुठून आणायचं ते? म्हणून तुम्ही पिशव्यांचा मार्ग काढलात. लग्नात वाटतात त्या जाळीच्या पोटल्या मी घेऊन आले, तर प्रत्येक पोटली उजेडाला धरून पाहिलीत आणि विरळ विणीच्या बाजूला टाकल्यात. आधी ती पाच झाडं आणि ढोबळी उपटायला लावलीत. उरलेल्या नवांपैकी एकाचं पान जरा रुंद दिसलं, तेही काढलंत. माझा जीव तुटला, पण तुम्ही ऐकलं नाहीत.

उरलेल्या आठ झाडांच्या उमललेल्या फुलांना आणि आधीच धरलेल्या फळांना बी धरायला हात लावायचा नाही, असं बजावलंत. न उमललेल्या, पांढऱ्या फुगलेल्या कळ्या असलेली फांदी पोटलीत घालून तोंड दोऱ्याने बांधायचं, मुंगीसुद्धा शिरू नये असं. रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला बोटाने टिचकी, म्हणजे आतला पराग आतच पडतो. आत मावा ही बारीक कीड वाढते, कारण तिला खाणारे किडे बाहेर राहतात. म्हणून दोन दिवसांआड पोटलीच्या आत नजर टाकायची. मिरची ज्वारीच्या दाण्याएवढी दिसली की पोटली काढायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे भाजीसाठी चुकून खुडली जाणार नाही. हे सगळं ऑक्टोबरात उरकायला सांगितलंत, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुलंच गळून जातात.

मिरच्या झाडावरच लालभडक होऊन सुरकुतेपर्यंत ठेवल्या. बी सावलीत सुपात वाळवलं. नखाने वाकवलं तर मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे, ही तुमची परीक्षा. आठही झाडांचं बी एकत्र केलं, कारण एकाच देखण्या झाडाचं धरलं तर वाण हळूहळू कमजोर होतो असं तुम्ही सांगितलंत.

या पावसाळ्यात त्यातली बारा रोपं लावली. परवा पहिल्या मिरच्या धरल्या, बाराच्या बारा झाडांवर वर तोंड करून. मी खाली बसून रडले, आक्का. आई समोर बसल्यासारखं वाटलं.

तुम्हाला साडी घ्यायला निघाले तर तुम्ही रागावलात आणि चिमूटभर बी मागितलंत. ते या पत्रासोबत आहे. पुडी आईच्याच पद्धतीने वळली आहे, थोडी राख घालून. गावाकडे लावाल तेव्हा शेजारच्या वाफ्यात कोणाची ज्वाला जातीची मिरची असेल तर पोटल्या बांधायला मला हाक मारा. मी पहिल्या एसटीने येते.

तुमचीच,
समोरच्या गच्चीवरची भाची
जालना