बेटावर मत मागणाऱ्याला आधी विहिरीचं विचारा

संपादक महोदय,

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत बेटावरच्या खेड्यांतून उभं राहणाऱ्या उमेदवाराच्या पत्रकात धक्का, रस्ता, पर्यटन या गोष्टी आधी येतात आणि पाणी शेवटी एका ओळीत. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. धक्का खचला तर पुन्हा बांधता येतो. विहीर खारी झाली तर ती गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागू शकतात.

वाळूच्या किंवा प्रवाळाच्या सखल बेटाखाली पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे निमुळतं. ढोबळ हिशेब असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या 40 पट खोलीपर्यंत गोडं पाणी. हाच हिशेब उपशालाही लागू आहे. पंप लावून पातळी कायमची 10 सेंटिमीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू 4 मीटरपर्यंत वर येऊ शकतं. म्हणून 'खोल बोअर मारू, मोठा पंप बसवू' हे आश्वासन अशा बेटासाठी सगळ्यात घातक. पाणी वरवरून आणि संथ काढावं लागतं: भूजलपातळीच्या जरा खाली आडव्या, छिद्रांच्या नळ्या पुरायच्या आणि लहान पंप जास्त तास चालवायचा. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या तारावा बेटावर सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी हीच पद्धत वापरतात.

यासोबत महिन्यातून एकदा, ठरलेल्या विहिरीचं पाणी क्षारमापकाने तपासून आकडा चावडीवरच्या फळ्यावर लिहावा. उपकरण खिशात मावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विरघळलेले क्षार लिटरमागे 600 मिलिग्रॅमच्या आत असले तर पाणी चवीला चांगलं, 1000 च्या पुढे ते प्यावंसं वाटत नाही. उपसा कमी करायचा तो आकडा 600 कडे सरकू लागतानाच. पाणी मचूळ लागेपर्यंत थांबलं, तर फार उशीर झालेला असतो.

छपरावरचं पाणी हा दुसरा आधार. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. 100 चौरस मीटर छप्पर आणि 1000 मिलिमीटर पाऊस असेल, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे 80 हजार लिटर हाती येतं. टाक्या बांधल्या जातात, पण पन्हळी साफ करायला आणि फाटलेली जाळी बदलायला तरतूद नसते. मग पहिल्या सरीची घाण थेट टाकीत उतरते. ते पहिलं 100-200 लिटर पाणी बाजूला वळवणारी साधी नळी प्रत्येक टाकीला हवीच.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचं आश्वासन मिळालं, तर वीज गेल्यावर काय, हे आधी विचारावं. खारं पाणी भरलेलं यंत्र तसंच बंद पडून राहिलं की आतल्या, क्षार गाळणाऱ्या पडद्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बंद करताना ते गोड्या पाण्याने धुवावं लागतं आणि ते धुणारा माणूस बेटावरच राहणारा लागतो.

बोटीच्या जादा फेऱ्यांचंही तसंच. भरतीची वेळ रोज सरासरी 50 मिनिटं पुढे सरकते. ठरावीक वेळेची फेरी काही दिवस भरतीला सापडते, काही दिवस ओहोटीला. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी सगळ्यात खोल जाते आणि धक्क्यापाशी गाळ असेल तर बोट टेकते. रुग्णाला न्यायचं असेल तर त्या वेळी चिखलातून खांद्यावर न्यावं लागतं. तेव्हा आधी सर्वांत नीच ओहोटीला धक्क्यापाशी किती पाणी उरतं ते मोजावं, गाळ काढण्याचा दरवर्षीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, मग फेऱ्या वाढवाव्यात. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का जमला तर उत्तमच. जुन्या धक्क्याच्या खांबांवर लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात तांबूस ओघळ आणि उभ्या चिरा दिसतात. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून गिलावा केला तर गंज आत चालूच राहतो. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढावं लागतं.

विजेबाबत स्कॉटलंडचं एग बेट पाहण्यासारखं आहे. तिथे 2008 पासून जलविद्युत, वारा आणि ऊन यांवर बेटाची स्वतःची वीज चालते, आणि एका घराला एका वेळी 5 किलोवॉटचीच मर्यादा आहे. मर्यादा सगळ्यांनी मान्य केली म्हणून ती व्यवस्था टिकली. 'कितीही वापरा' म्हणणाऱ्या उमेदवाराने छोट्या बेटावर ते कसं जमवणार, हे सांगायला हवं.

प्रचारसभेत मतदारांनी दोनच आकडे मागावेत. मागच्या कोरड्या ऋतूच्या अखेरीस गावच्या विहिरीत क्षार किती होते? आणि सुटे पंप, बोटीच्या इंजिनाचे भाग, दुरुस्तीचा पगारी माणूस यांसाठी वर्षाला किती रक्कम राखून ठेवणार?

— बेटांवरच्या पाणीपुरवठ्याचे अभ्यासक वाचक