तुझ्या गिटारचं मोजमाप

मिरज
आषाढ, सकाळपासून पावसाची झड

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, दिवसभर करता तरी काय?" मी म्हणालो, काही नाही. ते खोटं होतं. फेब्रुवारीपासून मी तुझी गिटार खोलून बसलोय. आईला शपथ घातली होती म्हणून तीही काही बोलली नाही. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. शिवाय यात आकडे आहेत, आणि आकडे कागदावरच बरे.

माळ्यावरून काढली तेव्हा तिच्याकडे बघवेना. पत्र्याखाली तिने पंधरा-सोळा उन्हाळे काढलेत. तारा काळ्याठिक्कर, खुंट्यांचे दाते गंजलेले, ब्रिज (फळीवरची, तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) मागच्या बाजूने उचललेला, वरची फळी जेवण जास्त झालेल्या माणसाच्या पोटासारखी पुढे आलेली. आणि तारा तशाच ताणलेल्या. सहा तारा सुरात लावल्या की मिळून साठ किलोच्या आसपास ओढ असते, हे मला आत्ता कळलं. तू तेव्हा बेचाळीस किलोची होतीस. म्हणजे तुझ्यापेक्षा जड माणूस त्या पातळ फळीला धरून लोंबकळत होता. माळ्यावर टाकली मीच, तुझ्या बारावीच्या वर्षी, तारा सैल न करता. डेपोत कुणी गाडी अशी उभी करून ठेवली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

पहिल्यांदा मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातला गोरा माणूस दर दोन मिनिटांनी असं एक हत्यार काढतो, की त्याच्या किमतीत आपल्याकडे दुसरी गिटार येईल. मग एक दिवस ती चादरीत गुंडाळली आणि सतारमेकर गल्लीत गेलो. जन्म मिरजेत गेला, पण तिथल्या एखाद्या दुकानाची पायरी कधी चढलो नव्हतो. उरुसाला दर्ग्यात गाणं ऐकायला जायचो तेवढंच. तिथले एक म्हातारे चाचा आहेत. त्यांच्या पुढ्यात पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे रचलेले, आणि ते तंबोऱ्याच्या घोडीवर कानस मारत बसलेले. मी म्हटलं, गिटार आहे, बघाल का? ते म्हणाले, "गिटार आम्ही करत नाही. पण लाकूड आहे, तारा आहेत, बसा." बोलता बोलता म्हणाले, आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावायचे, तलवारी गेल्या, तेव्हा सतारीकडे वळले. मला एकदम बरं वाटलं. म्हणजे हे घराणंही मूळचं वर्कशॉपचंच.

चाचांच्या तोंडी गिटारचे शब्द येत नाहीत. वरच्या फळीला ते तबली म्हणतात, मानेला दांडी, मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, पडदे, ब्रिजला घोडी, आणि दांडीच्या टोकाला तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीला अटी. व्हिडिओवाले त्या पट्टीला नट म्हणतात. नट म्हटलं की माझा हात पान्याकडे जातो, म्हणून मी अटीच म्हणतो.

पहिला घोटाळा ब्रिजचा. उचललेल्या बाजूने कागद सरकवला तर तो अर्ध्यापर्यंत आत गेला, म्हणजे निम्मा चिकटा सुटलेला. तो पूर्ण काढून पुन्हा बसवायचा होता. आईचं पातळ उलथणं गॅसवर तापवायचं, फटीत घालायचं, हळूहळू पुढे सरकायचं. तीन बाजू सुटल्या, मधला भाग हलेना. मी उलथणं फिरवून जोर लावला. कडकन आवाज आला आणि तबलीची रुपयाएवढी साल ब्रिजबरोबर वर आली. मग लक्षात आलं. ब्रिजवर मोत्यासारखे दोन पांढरे ठिपके आहेत ना, तू ज्यांना डोळे म्हणायचीस? ते शोभेचे नाहीत. त्यांच्याखाली स्क्रू होते, आतून नट लावून कसलेले! स्वस्तातल्या पुष्कळ गिटारींना असतात म्हणे. छत्तीस वर्षं बस खोलणाऱ्या माणसाने बोल्ट न काढता झाकण उपसलं. हे डेपोत कुणाला सांगू नकोस.

साल जागच्या जागी चिकटवली. ब्रिजखालचा जुना पांढरा गोंद खरवडून लाकूड उघडं केलं, कारण गोंदाच्या पापुद्र्यावर नवा गोंद नीट धरत नाही. चाचांनी सरस दिला. पाण्यात भिजवून, वाफेवर पातळ करून लावायचा. ऊब आणि ओल दिली की तो पुन्हा सुटतो, म्हणून मला तो कच्चा वाटला. चाचा म्हणाले, "सुटतो म्हणूनच लावायचा. उद्या दुसऱ्या कुणाला उघडावं लागेल, त्याने काय तबली फाडायची?" माझ्या तोंडावर होतं, मीच फाडलीय. गिळलं. चोवीस तास शिकंजे लावून ठेवली. सरसाच्या वासाने आईने दोन दिवस देवघराचं दार बंद ठेवलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

ब्रिज बसल्यावर मी फट मोजायचं फिलर गेज काढलं. तेच, ज्याच्या पात्यांचा पंखा करून तू लहानपणी खेळायचीस आणि मी ओरडायचो. इंजिनातल्या टॅपेटची फट मोजता मोजता आयुष्य गेलं, तेव्हा मोजमापात मला कुणी फसवू शकत नाही. मान किती वाकलीय ते आधी बघितलं. तार पहिल्या पडद्यावर आणि चौदाव्यावर एकदम दाबायची आणि मध्ये, सातव्याजवळ, फट मोजायची. पाव मिलिमीटर हवी, होती पाऊण. मानेच्या आत लोखंडी सळई आहे, तिला ॲलन कीने एका वेळी अष्टमांश फेरा द्यायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने अर्धा दिला, तर सगळ्या तारा पडद्यांवर झोपल्या. परत सोडून पुन्हा केलं. बाराव्या पडद्यावर तारांची उंची सुरुवातीला ५ मिलिमीटर होती. जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन, एवढी पुरते. पण यातलं काही माळ्यावरच्या उन्हाने झालं असणार, म्हणून ते मी धरत नाही.

मी धरतो ती अटी. पहिल्या पडद्याच्या वर तार अर्ध्या मिलिमीटरवर असावी. तुझ्या गिटारला ती १.२ होती. तीनदा मोजलं. आणि अटी उन्हाने वाढत नाही. प्लास्टिकची पट्टी आहे ती, जशी बसवली तशीच आहे. म्हणजे २००८ साली २,२०० रुपये मोजून आपण ती दुकानातून घरी आणली, त्या दिवसापासून तिच्या खाचा उथळ होत्या. कुणी पुरत्या घासल्याच नव्हत्या.

याचा अर्थ तुझ्या लक्षात आलाच असेल. एफ कॉर्ड. पहिल्या पडद्यावर एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात, तो. बोटांवर वळ घेऊन तू रडत यायचीस. मी म्हणायचो, सवय होईल. नंतर म्हणालो, तुझ्यात जिद्द नाही. तुझे क्लासचे सर म्हणाले होते की हिचा कान कच्चा आहे, कारण तुझा एफ कायम बेसूर लागायचा. मी त्यांचं खरं मानलं.

म्हणून तेही तपासलं. आधी संशय घेतला पडद्यांवर, कारण पडदे चुकीच्या जागी ठोकले असतील तरी स्वर चुकतो. अटीपासून ब्रिजच्या टेकणीपर्यंत ६४८ मिलिमीटर. त्याला १७.८१७ ने भागलं की पहिल्या पडद्याची जागा मिळते, ३६.४. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसऱ्याची, असं करत बाराव्याला बरोबर निम्मं येतं, ३२४. गंमत म्हणजे हा हिशेब पूर्वी १८ ने करायचे. शास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप ल्यूट वाजवायचा, त्याने सोळाव्या शतकात हेच सुचवलं होतं. मी १८ घेऊन करून पाहिलं, तर बारावा पडदा दोन मिलिमीटरहून जास्त चुकतो. (एवढ्या मोठ्या माणसाचा बापही थोडा चुकला होता, हे वाचून मला जरा धीर आला.) तुझ्या गिटारचे पडदे व्हर्नियरने मोजले. सगळे जागच्या जागी.

मग मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप लावलं. तार मोकळी छेडली तर काटा मधोमध. पहिल्या पडद्यावर दाबली तर वीस सेंट चढी. दोन शेजारच्या पडद्यांमध्ये शंभर सेंट असतात, म्हणजे पाचवा हिस्सा गेला! अटी उंच असल्यामुळे तार खूप खाली दाबावी लागते, दाबली की ताणते, ताणली की चढते. तुला ते बेसूर ऐकू येत होतं आणि तू बोट आणखी दाबायचीस, म्हणजे आणखी चढायचं. कान कच्चा असता तर तुला कळलंच नसतं.

आठ महिन्यांनी तू ती सोडलीस. मी आनंदाने माळ्यावर टाकली, बारावी होती ना.

नवी अटी हाडाची केली. चाचांनी तुकडा दिला. हाड घासताना दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास येतो. खाचा पाडायला बारीक कानशी लागतात, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी. त्या मी आणल्या नाहीत. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या दातेरी तारांचा जुना डबा होता, त्यात .०१० पासून .०४७ इंचापर्यंतच्या तारांना साधारण जुळेल असं सगळं निघालं. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती हवी, म्हणजे तार पडद्यांकडच्या कडेवरच टेकते. चार फेऱ्या घासायचं, तार चढवायची, मोजायचं, तार उतरवायची, पुन्हा चार फेऱ्या. पहिली अटी तिसऱ्या तारेपाशी बिघडली. दोन फेऱ्या जास्त झाल्या आणि मोकळी तार पडद्यावर झणझणायला लागली. हाडाची पूड भरून खाच बुजवता येते, पण चाचांनी ती अटी हातात घेतली, बघितली आणि न बोलता दुसरा तुकडा पुढे केला.

त्या झणझणीवरून ते फार हसले. म्हणाले, तंबोऱ्याला हीच झणझण यावी म्हणून मी घोडीची पाठ दिवस दिवस घासून जवारी काढतो, लोक त्याचे पैसे देतात, आणि तुम्ही ती घालवायला आलात. मग त्यांनी घोडीच्या पाठीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवला. सरकवल्याबरोबर कोरडी टणटण करणारी तार एकदम भरून वाजायला लागली. सोनू, मला गाण्यातलं काही कळत नाही, पण इंजिन ठोक्यावर आलं की अंगावर येतं तसं काहीतरी झालं.

दुसरी अटी जमली. आता सहाव्या तारेखाली पहिल्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर, पहिल्या तारेखाली त्याहून कमी. काल रात्री आई झोपल्यावर मी एफ लावून बघितला. माझी बोटं तुला माहीतच आहेत, एका बोटात दोन तारा येतात. तरी सहाही तारा वाजल्या. ॲपवर काटा मधल्या रेघेच्या अगदी शेजारी.

काम संपलेलं नाही. पाचव्या पडद्यावर सहावी तार अजून किंचित कुरकुरते. पोलादी पट्टी तीन पडद्यांवर आडवी ठेवली की सहाव्या पडद्यावर डुगडुगते, म्हणजे तोच उंच आहे, त्याला माथा घासून घ्यावा लागेल. पण चाचा म्हणाले, पावसात लाकूड फुगलेलं असतं, आत्ता घासू नका, हवा कोरडी होऊ द्या. तेव्हा दिवाळीपर्यंत ती तशीच. तारा मी दहाच्या (बारीक तार .०१० इंच) लावल्यात, तुला बाराच्या हव्या असतील तर कळव. ओढ वाढेल, सळईला पुन्हा थोडा फेरा द्यावा लागेल. रात्री खुंट्या सैल करून ठेवतो. रोज कशाला, असं आई म्हणते.

जुनी अटी फेकलेली नाही. सुपारीच्या डबीत आहे, टीव्हीखालच्या खणात. फिलर गेजही तिथेच आहे. आलीस की तू स्वतः मोज.

तुझा,
बाबा

ता. क. आईला नवं उलथणं आणून दिलं. ते तिला आवडलं नाही, जुनंच हवंय.