कचेरीबाहेरच्या टायपिस्ट काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेबलासमोर दिवसाला किती माणसं बसतात, मी आठवणार नाहीच. पावसाळ्याचे दिवस, जिल्हाधिकारी कचेरीच्या फाटकाबाहेरची तुमची निळी ताडपत्री, आणि वहीच्या पानावर खरडलेला माझा अर्ज.

आमच्या ऑफिसात मालक धरून आठ माणसं. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती वगैरे मोठ्या कंपन्यांत असते, असं मी धरूनच चालले होते. त्यात माझी तक्रार खुद्द मालकाविरुद्ध. म्हणून कामगार आयुक्तांपासून पालकमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना एकाखाली एक लिहून टाकलं होतं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "मायनाच चुकलाय." ती रांग खोडून एकच ओळ घातलीत: मा. अध्यक्ष, स्थानिक तक्रार समिती. दहापेक्षा कमी माणसं असली, किंवा तक्रार मालकाविरुद्ध असली, की अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मला पानाला वीस रुपये घेणाऱ्या माणसाकडून कळला!

"शेवटचा प्रकार कधीचा?" मी तारीख सांगितली. तुम्ही बोटांवर मोजलंत. "तीन महिने भरायला नऊ दिवस आहेत. नंतर उशिराचं कारण द्यावं लागतं. आजच देऊन टाक."

मी नुसतं 'गैरवर्तन केले' असं लिहिलं होतं. "पगार उशिरा दिला तरी ते गैरवर्तनच. काय बोलला, काय केलं, कोण होतं, तारखेसकट पाहिजे." माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात, खुर्ची सोडलीत आणि "चहा घेऊन येतो" म्हणून गेलात. पाऊण तास आला नाहीत. टपरी समोरच होती, मला दिसत होती. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे होतात. सातबाऱ्याच्या कामाला आलेल्या एका आजोबांनाही तिथेच थोपवून धरलंत.

परत आल्यावर न वाचता प्रिंट काढलीत. "सहा प्रती द्यायच्या, नियम आहे. सातवीवर पोच घे. शिक्का, सही, तारीख." पैसे मात्र पुरते घेतलेत. बरं केलंत. त्या दिवशी कुणी कीव केली असती तर मी तिथेच रडत बसले असते.

समितीपुढे मला तारखा आठवत बसावं लागलं नाही, सगळं त्या कागदावर होतं. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, हे समितीतल्या बाईंनी सांगितलं. लेखी मागितली, मिळाली.

पुढचं लिहीत नाही. नावं, जबाब, शिफारशी बाहेर सांगायच्या नाहीत, असं त्या कायद्याचं कलम 16 म्हणतं. कुणाची ओळख न देता न्याय मिळाला एवढं सांगायची मुभा त्याच कलमात आहे, ती वापरते.

मागच्या आठवड्यात पेढे घेऊन आले होते. टेबलावर प्लास्टिक झाकलेलं. शेजारचे स्टॅम्पवाले म्हणाले, गावी गेलात. सोमवारी पुन्हा येते.

आपली,
सातव्या प्रतीवर पोच घेतलेली