मुळे फेकून देऊन तपासणी कसली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला भातशेती आणि जड धातूंवरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले. लेखकांचा अभ्यास आहे, मेहनतही दिसते. पण शेवटी त्यांनी लिहिले आहे की शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांनाच चिकटून राहतात, दाण्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत, तेव्हा खाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी घाबरून जाऊ नये. हे वाचून मला संताप आला. असे अर्धे खरे वाक्य छापून आले की कचेरीतला माणूस तेच ऐकवून शेतकऱ्याला दारातून परत पाठवतो. मला असेच परत पाठवले आहे.

गोव्यात डिचोली तालुक्यात आमचे चार कुणगे, म्हणजे भातखाचरे आहेत, वरच्या अंगाला लोहखनिजाच्या खाणीच्या मातीचा ढिगारा. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उपसली जाते आणि ती कुठेतरी रचावीच लागते. 2009 च्या सरदीला, म्हणजे पावसाळी भाताला, लावणी होऊन वीस-बावीस दिवस झाले असतील. दोन रात्री पाऊस धो धो कोसळला. सकाळी जाऊन पाहते तर ओहोळ मेर (बांध) फोडून आत शिरलेला आणि खालच्या दोन कुणग्यांत घोटाभर तांबडा गाळ. भात उभे होते. आठवडाभरात पाती टोकाकडून तांबूस पडू लागली. रोपांची एक चूड (जुडी) उपटून पाहिली. कोवळी मुळे पांढरी असायला हवीत, ती विटेच्या रंगाची झाली होती. वर लेप इतका जाड की खरवडला तर नखात गंज यायचा. आतली काही मुळे काळी पडली होती. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी ती हातात घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, "भाताला गंज चढला गो."

मी दहाएक रोपे चिखलाच्या गोळ्यासकट ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि दोन बस बदलून एका सरकारी कचेरीत नेली. तिथल्या गृहस्थांनी कात्री घेतली, मुळे कापली, चिखलासकट कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पाने पाकिटात भरली. मी म्हटले, "अहो साहेब, दुखणे मुळांत आहे." ते म्हणाले, "बाई, नमुना पानांचाच लागतो. आणि धातू काय, मुळातच अडकतात, वर येत नाहीत." ज्यात अडकतात म्हणाले तेच डब्यात टाकले होते! दोन महिन्यांनी चिठ्ठी आली: नत्र कमी आहे, युरिया द्या. तोवर कापणी तोंडावर आली होती आणि खालच्या कुणग्यांत निम्म्या लोंब्या पोचट होत्या. या गोष्टीला इतकी वर्षे झाली, पण कात्रीचा तो आवाज अजून आठवतो.

मी तीस वर्षे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले आहे, त्या अधिकाराने थोडे सांगते. पेरूचे पेराड, म्हणजे पेरूची वडी, घट्ट होते ते पेक्टिनमुळे. तेच पेक्टिन मुळांच्या पेशींच्या भिंतीत असते. त्याच्यावर ऋण भार असतो, आणि एरवी ती जागा कॅल्शियम धरून असते. शिसे, तांबे असे धन भाराचे धातू पाण्यातून आले की ते कॅल्शियमला बाजूला सारून तिथे बसतात. याला काही मिनिटे पुरतात, आणि मूळ जिवंत असण्याचीही गरज नसते. वाळलेले मूळ शिशाच्या द्रावणात बुडवले तरी ते शिसे पकडते. शिशाची पकड घट्ट असते, म्हणून ते बहुतांशी मुळातच राहते. इथपर्यंत लेखकांचे बरोबर आहे.

भाताचे मात्र आणखी एक आहे, आणि नेमके तेच लेखात नाही. पाणी तुंबलेल्या शेतात मातीतला प्राणवायू संपतो आणि लोह विरघळून पाण्यात उतरते. भाताचे रोप पानांतून घेतलेली हवा देठातल्या पोकळ नळ्यांनी खाली मुळांपर्यंत नेते. त्यातला थोडा प्राणवायू मुळांबाहेर झिरपतो आणि तिथल्या लोहाचा गंज होऊन तो मुळांवर बसतो. माझ्या हातातल्या चुडीवरचा लेप हाच. थोडा असेल तर तो रोपाचे रक्षणच करतो. आर्सेनिक त्याला चिकटून बाहेर राहते. पण गाळाने लोहाचा नुसता मारा केला तर रोपाचे बळ पुरत नाही, लोह आत घुसते आणि पाती तांबूस पडतात. लेपात स्फुरदही अडकतो, म्हणजे खत घालूनही रोप उपाशी.

आणि कॅडमियम? ते मुळात थांबत नाही. रोपाला मँगनीज लागते, ते आत घ्यायला भाताच्या मुळात एक दार आहे. त्याच दाराने कॅडमियम आत शिरते, हे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले. कापणीआधी आपण कुणग्यातले पाणी सोडतो, तेव्हा जमिनीत हवा शिरते आणि कॅडमियम आणखी मोकळे होते. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडे ठिसूळ झाली ती खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे, नदीच्या पाण्यातून आणि भातातून. तिथल्या सरकारने 1968 मध्ये हे मान्य केले. पुढे ती शेते पूर्ववत करण्याचे काम तीस वर्षांहून अधिक चालले. आमच्या गाळात मुख्यतः लोह आणि मँगनीज आहे, तो जिंझूचा गाळ नव्हे, हे मला कळते. पण 'घाबरू नका' हे तपासून मग सांगायचे असते.

तरी मला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच. धातू मुळात राहिले, तर मूळ कुठे राहते? आपण विळ्याने भात कापतो. दाणा घरात येतो, पेंढा गुरांपुढे जातो, मुळे तिथेच जमिनीत. वायंगणाला, म्हणजे हिवाळी पिकाला, नांगर घातला की ती कुजतात आणि त्यांनी धरलेले सारे पुन्हा त्याच कुणग्यात मोकळे होते. वायंगणात पाणी कमी म्हणून आम्ही अळसांदे (चवळी), तांबडी भाजी, मुळा लावतो. कडधान्य-भाजीच्या मुळांत भातापेक्षा पेक्टिन जास्त, म्हणजे धातू धरायला जागाही जास्त. आणि मुळ्याचे तर आपण मूळच खातो! लेखकांनी मुळ्याचा विचार केला असता तर ते वाक्य लिहिले नसते.

2015 पासून सरकारकडून माती तपासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा रकाने आहेत. लोह, मँगनीज, जस्त, तांबे आहेत, पण ती कमी पडतात का एवढेच पाहायला. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांना रकाना नाही. आमच्या गाळाच्या कुणग्याच्या पत्रिकेत लोहासमोर 'पुरेसे' असे लिहून आले. ती पत्रिका मी जपून ठेवली आहे. देशभर एकच नमुना चालतो हे ठीक, पण डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या चार तालुक्यांत तरी आणखी तीन रकाने जोडायला आणि नमुन्यासोबत मुळे घ्यायला काय हरकत आहे? खाणी आता लिलाव होऊन पुन्हा सुरू होत आहेत. मधल्या खाणबंदीच्या वर्षांत ही तपासणी करून ठेवली असती तर आज तुलनेला काहीतरी हाती असते.

सासूबाई तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यात, रांधणीतली (चुलीतली) राख टाकायच्या आणि शिंपल्यांचा चुना घालायच्या. चुन्याने आंबट जमीन निवते आणि धातू कमी विरघळतात, राखेतल्या पोटॅशने भात लोहाचा मारा सोसते. मी अजून तेच करते. युरिया घातला नाही.

मागच्या वर्षीचे माझे पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभार. पण त्यातला ओहोळ उपसण्याबद्दलचा शेवटचा भाग कापला होता. ओहोळ अजून उपसलेला नाही आणि पाऊस जवळ आला आहे. या वेळी कापू नये ही विनंती.

आपली,
एक शेतकरी वाचक,
डिचोली

ता. क.: लेखासोबत छापलेले छायाचित्र गव्हाच्या शेताचे आहे. आपल्या छायाचित्रकारांना लावणीनंतर तीन आठवड्यांनी आमच्याकडे पाठवा. मी कुणग्यात उतरून चूड उपटून देईन, मुळांसकट.