साहेब, मंगळवारी आईचा अंगठा कापला

मा. मंत्रीमहोदय, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात आमच्या भांडुपला आरोग्य शिबिर होतं, मंडपात माइकवरून सांगितलं की दिवाळीपर्यंत शुगरवाल्यांच्या पायांसाठी वेगळा दवाखाना उघडणार. आईने टाळ्या वाजवल्या होत्या. दिवाळी गेली, होळी गेली, दवाखाना नाही, आणि परवा मंगळवारी तिच्या पायाचा अंगठा कापून काढला.

चप्पल घासून फोड आला तो तिला कळलाच नाही, पाय बधीर. लादीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा समजलं. मग आठ महिने दिवसाआड ड्रेसिंग, पायाला दुधाची पिशवी बांधून टेकडी उतरायची, रिक्षा, ट्रेन, मग रांग. गॉज, पट्टी सगळं बाहेरून आणायचं. चिकटलेला गॉज सलाइन ओतून सोडवताना आईला दुखायचं नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची, जखम किती वाढलीय ते तिथून ओळखायची.

रात्री झोप लागायची नाही म्हणून मी वाचत बसायचो. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आपलं शरीरच बनवतं, रक्तवाहिन्या रुंद करतो, जंतू मारतो, जखम भरायला लागतो आणि शुगरवाल्यांना तोच कमी पडतो. १९९८ चं नोबेल ह्याच्यावर मिळालंय. ब्रिटनमध्ये हा वायू सोडणारी पट्टी पायाच्या जखमांवर तपासली, १३५ पेशंट, २०१८ ला छापून आलं, १२ आठवड्यांत जखम ८८.६ टक्के आकसली, नेहमीच्या उपचाराने ४६.९. चाचणी लहान आहे, आईचा अंगठा वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, अहो इथे साधा गॉज नाहीये. त्यांचा तरी काय दोष, एकटा पोरगा, बाहेर एवढी रांग.

देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत, सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनेच, आयसीएमआरने, २०२३ ला सांगितलं. ह्या शहरात समुद्रात भराव टाकून रस्ता होतो, डोक्यावरून मेट्रो जाते, आणि गरिबाच्या पायाला पट्टी मिळत नाही, हे कुणाला खटकतच नाही का? पाय गेला की माणूस घरी बसतो, घर बसतं, तेव्हा येता का कुणी बघायला?

प्रत्येक वॉर्डात पायाचा दवाखाना द्या, ड्रेसिंग फुकट द्या, आणि असल्या पट्ट्यांची चाचणी आपल्या सरकारी कॉलेजांत करा, पेशंट इथे रांगेत उभेच आहेत.

शेजारचं बोट काळसर पडायला लागलंय साहेब. पुढचं ड्रेसिंग गुरुवारी सकाळी ८ ला आहे. दवाखाना कुठल्या तारखेला उघडणार, तेवढं लेखी कळवा.